सुई टोचताना बाळ अंगावर: रील लसीकरणाच्या टेबलापर्यंत कशी न्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या रुग्णालयात प्रसूती विभागात काम करणाऱ्या तुम्ही दोघी स्टाफ नर्स इन्स्टाग्रामवर मराठीत रील करता. लस देताना किंवा टाचेतून रक्त घेताना बाळाला होणारी वेदना कशी कमी करता येते, हा विषय. रील पाहिल्या जातात, ‘छान माहिती ताई’ अशा कमेंट येतात. पण लसीकरणाच्या दिवशी ‘बाळाला पाजत असताना टोचा’ असं एकही आई म्हणत नाही, आणि टोचणाऱ्या सिस्टरही कुणाला तसं सुचवत नाहीत. मग या माध्यमाचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर काय बदलायला हवं?

उपयोग होतो. पण तुमच्या रील फक्त आईशी बोलतात, आणि सुई टोचली जाते त्या क्षणी आईच्या हातात फारसं काही नसतं. रांग असते, सिस्टरच्या हातात सिरिंज भरलेली असते, बाळ आजीच्या मांडीवर असतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘पाय घट्ट धरा.’ या अर्ध्या मिनिटात जे घडतं ते बदलायचं असेल तर आईला म्हणायला एक तयार वाक्य हवं, आणि समोरच्या सिस्टरनं तोच व्हिडिओ आधी पाहिलेला हवा. दोघींपैकी एकीलाच माहिती असेल तर काही होत नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी कशाचा प्रचार करायचा ते पक्कं करू, कारण याच ठिकाणी बऱ्याच रील भरकटतात. निरोगी बाळाला सुई टोचताना ज्यांचा उपयोग चांगल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला असे उपाय तीन: अंगावर पाजणं, उघड्या छातीशी बाळ धरणं, आणि जिभेवर गोड द्रावणाचे थेंब. पहिल्या दोघांना पैसा लागत नाही आणि ते आईजवळच असतात. तिसऱ्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तो सार्वजनिक रीलमध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे.

अंगावर पाजण्याचा उपाय ‘टोचल्यावर लगेच दूध द्या’ एवढ्यावर संपत नाही. ते तर आपल्याकडे सगळ्याच आया करतात. बाळानं आधी नीट तोंडात धरलेलं हवं, गिळण्याची लय लागलेली हवी, मग सुई, आणि सुई निघाल्यावरही पाजणं चालूच. आईच्या अंगाची ऊब, तिचा वास, चोखणं, दुधाची चव, सगळं एकाच वेळी बाळापर्यंत पोचत असतं, म्हणून हा उपाय इतका चालतो. उघड्या छातीशी धरायचं असेल तर ऐन वेळी धरून पुरत नाही. दहा-पंधरा मिनिटं आधीपासून बाळ लंगोटावर, पोटाशी पोट लावून, वरून दुपट्यानं झाकलेलं असावं. आई उपलब्ध नसेल तर बाबांच्या छातीशीही हा परिणाम मिळतो. हे सांगणारी वेगळी रील नक्की करा, कारण बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाबांना आत काही काम आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एक बारीक तपशील माझ्या पाहण्यात कुठल्याच मराठी व्हिडिओत आला नाही, आणि सिस्टरच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. नेहमीच्या पद्धतीनं आडवं घेऊन पाजताना बाळ आईच्या डाव्या स्तनावर असेल तर बाळाची डावी बाजू वर येते, उजव्यावर असेल तर उजवी. म्हणजे ज्या बाजूला टोचायचं त्याच बाजूला पाजायला घ्यायचं. बीसीजी (क्षयरोगाची लस) डाव्या दंडात, म्हणून डावीकडे. दीड महिन्याच्या डोसला पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियावरची लस) उजव्या मांडीत आणि पोलिओचं छोटं इंजेक्शन उजव्या दंडात, म्हणजे एकदा बाजू बदलावी लागते. ‘पाजत असताना मला मांडी सापडणार कशी?’ असं सिस्टर विचारतात, आणि त्यांचा प्रश्न योग्यच आहे. वर सांगितलेली बाजू हेच त्याचं उत्तर आहे, आणि ते दहा सेकंदांत दाखवता येतं.

आता तुमच्यासारखंच काम ज्यांनी केलं आणि त्याचं मोजमापही केलं, त्यांच्याकडे वळू. डेनिस हॅरिसन या परिचारिका-संशोधक तेव्हा कॅनडात ओटावा इथं मुलांच्या रुग्णालयात आणि विद्यापीठात काम करत होत्या. त्यांच्या गटानं आधी एक साधी पण डोळे उघडणारी गोष्ट केली: लोकांनी यूट्यूबवर टाकलेले बाळांच्या लसीकरणाचे व्हिडिओ शोधून काढले आणि एकेक तपासला. २०१४ साली तो अभ्यास छापून आला. १४२ व्हिडिओ, २५२ इंजेक्शनं. त्यांत बाळं रडताहेत, मोठी माणसं ‘झालं, झालं’ म्हणताहेत, आणि ज्या उपायांचा उपयोग सिद्ध झालाय ते जवळजवळ कुठेच दिसत नाहीत. तुम्हीही एका संध्याकाळी मराठी आणि हिंदी व्हिडिओ असे तपासून पाहा. बाळाला टेबलावर आडवं करून पाय दाबून धरलेला व्हिडिओ पाहणाऱ्या नव्या आईला ‘हे असंच करतात’ हा धडा आपोआप मिळत असतो. तुमची रील त्या धड्याच्या विरुद्ध उभी आहे.

मग हॅरिसन यांच्या गटानं ‘बी स्वीट टू बेबीज’ या नावानं छोटे व्हिडिओ केले. नवजात बाळांच्या रक्ततपासणीसाठी एक, थोड्या मोठ्या बाळांच्या लसीकरणासाठी दुसरा, आणि पुढे अनेक भाषांत. व्हिडिओत खरी आई, खरं बाळ, खरी सुई, आणि बाळ शांत. लसीकरणाच्या व्हिडिओचं वर्षभराचं मोजमाप २०१६ साली प्रसिद्ध झालं. बारा महिन्यांत तो सुमारे ६५ हजार वेळा पाहिला गेला. पाहणाऱ्यानं सरासरी व्हिडिओचा ६५ टक्के भाग पाहिला. सोबतची प्रश्नावली भरली १५६ जणांनी, आणि त्यांत निम्म्याहून जास्त लोक आरोग्यसेवेतले होते. भरणाऱ्यांचं मत उत्तम होतं, हे उपाय वापरण्याची तयारीही मोठी होती. पण ६५ हजार आणि १५६ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. किती जणांनी पाहिलं ते माध्यम लगेच सांगतं. किती बाळांना प्रत्यक्षात पाजत असताना टोचलं, हे त्यातून कळतच नाही.

या अभ्यासातून मी तीन गोष्टी घेतल्या. पहिली, लोक शेवटपर्यंत थांबतातच असं नाही, म्हणून पाजणारी आई आणि शांत बाळ पहिल्या काही सेकंदांतच दिसायला हवं. ‘नमस्कार, आज आपण जाणून घेणार आहोत’ यात अर्धा वेळ संपतो. दुसरी, आरोग्यसेवेतले लोक असे व्हिडिओ मनापासून पाहतात, तेव्हा त्यांना प्रेक्षक मानूनच ते बनवावेत. तिसरी, त्या व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये सर्वांत मोठा गट लसींना विरोध करणाऱ्यांचा होता. वेदना कमी करण्याबद्दल बोलायला गेलेल्यांना लसीच्या वादात ओढलं गेलं. तुमच्याकडेही ते होईल, त्याची तयारी आधीच ठेवावी.

कॅनडातच हॅलिफॅक्सला क्रिस्टीन चेंबर्स आणि मार्शा कॅम्पबेल-येओ यांनी याच दिशेनं काम केलं. चेंबर्स यांच्या ‘इट डझन्ट हॅव टू हर्ट’ या मोहिमेचं विशेष असं की त्यांनी आयांसाठी आधीच चालणाऱ्या एका लोकप्रिय ऑनलाइन व्यासपीठाशी हातमिळवणी केली. शास्त्रज्ञांनी नवं पान उघडून गर्दी जमण्याची वाट पाहिली नाही, आया जिथे होत्या तिथे ते गेले. कॅम्पबेल-येओ यांचा व्हिडिओ आईवडिलांच्या स्पर्शाबद्दल आहे, आणि नवजात विभागातल्या पालकांना तो थेट लागू पडतो.

पालकांच्या आवाजानं वैद्यकातली पद्धत बदलते याचा दाखला याआधीचाही आहे. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये अकाली जन्मलेल्या एका बाळावर हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्याला हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं, वेदना थांबवणारं काहीही नव्हतं. काही आठवड्यांनी बाळ गेलं. आईला हे नंतर कळलं. त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच चालायचं, कारण इतक्या लहान बाळाला वेदना कळत नाही किंवा भूल त्याला झेपणार नाही असं मानलं जाई. त्या आईनं लिहायला सुरुवात केली, पत्रं पाठवली, आणि १९८६ साली वर्तमानपत्रानं ते छापलं. त्याच सुमारास इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद शस्त्रक्रियेनंतर बाळांची प्रकृती का ढासळते याचा शोध घेत होते. १९८७ साली त्यांनी दाखवून दिलं की पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि ती जास्त चांगली सावरतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजात बाळांना भूल नाकारू नये अशी भूमिका जाहीर केली. पुरावा आणि आईचा आवाज दोन्ही एकाच वेळी आले म्हणून इतक्या लवकर ते घडलं, असं मला वाटतं. तुमच्या हातातल्या फोनचं मोल मी इथून मोजते.

शस्त्रक्रियेपुरती ती समजूत गेली, पण रोजच्या छोट्या सुयांच्या बाबतीत अजून पूर्ण गेलेली नाही. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांत ४३० नवजात बाळांचे पहिले दोन आठवडे नोंदवून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी ते जास्त अशा क्रमात मधोमध येणाऱ्या बाळाच्या वाट्याला दिवसाला दहा वेदनादायक गोष्टी येत होत्या, आणि अशा सुमारे ८० टक्के प्रसंगांत वेदनेसाठी वेगळं काहीच दिलं नव्हतं. ही फ्रान्समधली मोठी रुग्णालयं होती. तिथे हे होत असेल तर आपल्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बसून बाळांकडे नव्यानं पाहायला हवं. आणि पाहायचं ते रडण्याकडे नाही. कपाळावर भुवयांमध्ये येणारा फुगवटा, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठांपर्यंत खोल होणारी घडी, ताठ उघडलेलं तोंड: हा वेदनेचा चेहरा. फार अकाली जन्मलेलं बाळ कधी कधी रडतही नाही, गळून पडल्यासारखं होतं, मॉनिटरवरचा ऑक्सिजन खाली येतो. आईवडिलांना हा चेहरा वाचायला शिकवणारी एक रील मला तुमच्याकडून पाहायची आहे. ती करताना दुखणाऱ्या बाळाचा व्हिडिओ वापरू नका. साध्या रेखाचित्रांनी काम होतं.

आता आपल्या लसीकरणाच्या दिवसाकडे. गावात सेशन अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात असतं. आशाताई आदल्या दिवशी घरोघरी सांगून येतात. बाळंतीण बहुधा माहेरी असते, बाळाला घेऊन आजी येते, आई मागे उभी. फोन अनेकदा नवऱ्याकडे किंवा भावाकडे. अशा घरात इन्स्टाग्रामची रील आईपर्यंत पोचेल याची खात्री नाही, पण व्हॉट्सॲपवर आलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ आशाताई स्वतःच्या फोनवर दारात उभं राहून आजीला दाखवू शकतात. म्हणून फाइल लहान ठेवा, अक्षरं मोठी ठेवा, आवाज बंद असला तरी अर्थ कळेल अशी रचना करा. आणि व्हिडिओत आजीला जागा द्या. ‘आई पाजत असताना आजीनं बाळाचा पाय हलक्या हातानं धरला’ एवढं एक दृश्य असलं तर आजी तुमच्या बाजूची होते. तिला बाजूला सारून केलेला कुठलाही सल्ला आपल्या घरांत टिकत नाही.

सिस्टर नाही म्हणतात त्याची कारणं ठरलेली आहेत, आणि त्यांचा मान राखून एकेकाला उत्तर द्यायला हवं. ‘ठसका लागेल’ ही भीती सर्वांत मोठी. पाजत असताना टोचण्याचे जे अभ्यास झाले त्यांत बाळ गुदमरल्याचं आढळलेलं नाही. ‘बाळ अंगावर प्यायचं सोडेल’ याचाही पुरावा नाही. तिसरं कारण आपल्याकडचं खास: ‘पोलिओचा डोस दिल्यावर अर्धा तास दूध द्यायचं नाही.’ हे अजून कितीतरी ठिकाणी सांगितलं जातं. पोलिओच्या किंवा रोटाच्या (जुलाबांवरच्या लसीच्या) थेंबांनंतर लगेच अंगावर पाजायला हरकत नाही. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायचं असतं, ते काही त्रास होतो का हे पाहण्यासाठी. त्या अर्ध्या तासात बाळानं उपाशी राहायचं असा त्याचा अर्थ नाही. हा एक गैरसमज दूर करणारी रील तुम्ही केलीत तर बाकी सगळ्या रीलपेक्षा तिचा उपयोग मोठा होईल, असं मला खात्रीनं वाटतं, कारण याच गैरसमजामुळे पाजत टोचण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. थेंब आधी, मग बाळ अंगावर, मग सुया, असा क्रम दाखवा.

चौथं कारण वेळेचं. एका सेशनला बरीच बाळं असतात, प्रत्येकीनं पाजायला बसायचं म्हटलं तर दुपार होईल असं वाटतं. त्यावर साधा मार्ग: एका बाळाची नोंद आणि थेंब चालू असताना पुढची आई बाजूला बसून पाजायला लागते. तिची पाळी येते तेव्हा बाळाची लय लागलेली असते, आणि सिस्टर सिरिंज घेऊन तिच्याजवळ जाते. त्यासाठी जमिनीवर एक सतरंजी, टेकायला भिंत आणि एक साडी बांधून केलेला आडोसा पुरतो. आडोशाचा मुद्दा हलका समजू नका. समोर पुरुष बसलेले असताना बाई पाजणार नाही, आणि ती संकोचते म्हणून कुणी तिला बोल लावू नये. व्हिडिओत पदर आणि आडोसा दोन्ही दिसले तर आईला ते स्वतःला जमण्यासारखं वाटतं.

सिस्टरांशी बोलताना एक आधार हाताशी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल आपली भूमिका प्रसिद्ध केली. आईनं किंवा सांभाळणाऱ्यानं बाळाजवळ असावं, बाळ आडवं न झोपवता धरलेलं असावं, चालत असेल तिथे लस देताना किंवा त्याच्या अगदी आधी अंगावर पाजावं, सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून पाहू नये, आणि एकाहून जास्त लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यावी, असं त्यात आहे. वरिष्ठांनी विचारलं तर ‘आम्ही रीलमध्ये पाहिलं’ असं सांगण्याची वेळ सिस्टरवर येऊ नये. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे एका पानावर मराठीत लिहून द्या, आणि मासिक बैठकीत व्हिडिओ दाखवायला पाच मिनिटं मागा. माझ्या अनुभवात एएनएमच्या (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांच्या) बैठकीत दाखवलेला एक व्हिडिओ नुसत्या टाकलेल्या अनेक पोस्टपेक्षा जास्त दूर जातो, कारण तिथे प्रश्न विचारले जातात.

रील कशी असावी ते आता सरळ सांगते. उघडताच पाजणारी आई, सिस्टर शेजारी वाकलेली, सुई आत जाते, बाळ किंचित दचकतं आणि पुन्हा चोखू लागतं. सुईचा जवळून घेतलेला शॉट नको. बाळ अजिबात रडलं नाही असा जादूचा दावा नको. काही बाळं तरीही रडतात, पण लवकर शांत होतात, आणि तेवढं सांगितलं तरच आईचा विश्वास बसतो. मग आई कॅमेऱ्याकडे न पाहता सिस्टरला म्हणते, ‘सिस्टर, मी बाळाला पाजायला घेते, मग टोचाल का?’ सिस्टर म्हणते, ‘घ्या ना, डावीकडे घ्या.’ हा संवाद संपूर्ण रीलचा गाभा आहे. तोच पडद्यावर मोठ्या अक्षरांत, तोच आशाताईंच्या तोंडी, तोच लसीच्या कार्डाबरोबर दिलेल्या चिठ्ठीवर. बाकी माहिती खाली मजकुरात लिहा. आणि बोली तुमच्या भागातली ठेवा. वऱ्हाडातल्या आईला पुण्याच्या निवेदिकेचा आवाज परका वाटतो, आणि तुमच्याच वॉर्डातल्या मावशींचा आवाज तिला घरचा वाटतो.

गोड द्रावणाबद्दल आता. रुग्णालयात टाचेतून रक्त घेताना, सलाइन लावताना, अकाली बाळांच्या डोळ्यांचा पडदा तपासताना आम्ही ते वापरतो: २४ टक्के सुक्रोज, किंवा आपल्याकडे सहज मिळणारं २५ टक्के डेक्स्ट्रोज, मिलिलिटरचा लहानसा भाग, जिभेच्या पुढच्या टोकावर, सुमारे दोन मिनिटं आधी. त्याच्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ७४ अभ्यास आणि सात हजारांहून अधिक बाळं होती. तरी दोन गोष्टी आहेत. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुक्रोजनं बाळाच्या चेहऱ्यावरची वेदना कमी दिसली, पण मेंदूच्या नोंदीत तसा फरक आढळला नाही. त्यामुळे आई जवळ असताना तिला डावलून थेंब देणं मला पटत नाही. दुसरी गोष्ट आपल्या घरांची. ‘साखरेच्या पाण्यानं बाळ शांत होतं’ एवढंच वाक्य रीलमधून सुटलं की ते पोटदुखीवर, रात्रीच्या रडण्यावर, दूध उतरलं नाही म्हणून, सगळीकडे जाऊन बसतं. जोडीला मध चाटवणं आणि गुळाचं पाणी आहेच. मधातून लहान बाळांना बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, हे सांगणारे आपणच. आपल्याच व्हिडिओनं त्याला छेद देऊ नये. म्हणून थेंबांची माहिती सिस्टर आणि डॉक्टरांच्या गटात जाऊ दे, लोकांसाठीच्या रीलमध्ये नको. बधिर करणारी क्रीम आणि डोस देण्याआधीच घरी पाजलेलं पॅरासिटामॉल, हेही रीलमधून सुचवू नका. क्रीम नवजात बाळाला स्वतःच्या मनानं लावण्यासारखी नाही, आणि पॅरासिटामॉल आधी देऊन टोचण्याची वेदना कमी होत नाही. नंतर ताप आला तर डॉक्टर किंवा सिस्टर वजनावरून प्रमाण सांगतील ते.

चित्रीकरणाच्या परवानगीबाबत कडक राहा. बाळंतपणानंतर काही तासांत, वॉर्डात, डॉक्टर-सिस्टरनं विचारलं तर बाई नाही म्हणू शकत नाही. ती परवानगी खरी नसते. घरी गेल्यावर, नवऱ्याशी आणि सासू-आईशी बोलून, तिनं सवडीनं हो म्हणावं, लेखी द्यावं, आणि पुढे कधीही काढून टाका म्हणाली तर तो व्हिडिओ त्याच दिवशी उतरावा. नाव, कार्ड, वॉर्डाचा फलक, शेजारच्या खाटेवरची बाई, काही दिसू नये. रुग्णालय प्रमुखांची परवानगी वेगळी. बाळाचा चेहरा न दाखवता, आईच्या खांद्यामागून घेतलेला शॉट बहुतेक वेळा पुरतो आणि जास्त आपलासाही वाटतो.

पान वाढलं की प्रायोजक येतात. बाळांच्या वस्तू विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. दुधाची पावडर, बाटल्या आणि शिशुआहार यांच्या प्रचारावर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा कंपन्यांकडून लाभ घेण्यालाही त्यात मनाई आहे. अंगावर पाजण्याच्या व्हिडिओशेजारी बाटलीचं चित्र आलं तर तुमच्या कामाचा पायाच जातो.

कमेंटबद्दल: लसीला विरोध करणाऱ्या मजकुराला एकदाच, शांतपणे, माहितीपूर्ण उत्तर द्या आणि थांबा. वाद जितका वाढेल तितका तो माध्यमाकडून पुढे ढकलला जातो. पण ‘माझ्या बाळाला डोसनंतर गाठ आली’, ‘रात्रभर रडलं’ असं लिहिणारी आई विरोधक नसते, ती घाबरलेली असते. तिला त्याच दिवशी उत्तर मिळालं पाहिजे. बाळ तपासल्याशिवाय कमेंटमध्ये औषध सांगू नका. कुठे जायचं ते सांगा. ‘सिस्टरनं मला हाकललं’ अशी तक्रार आली तर केंद्राचं नाव जाहीर होऊ देऊ नका, ती कमेंट बाजूला घेऊन त्या सिस्टरशी किंवा त्यांच्या वरिष्ठांशी बोला. आपल्याला उद्या त्यांच्याच टेबलाशी आईला पाठवायचं आहे.

शेवटी मोजमाप. व्ह्यू मोजू नका असं मी म्हणत नाही, पण त्यावर विसंबू नका. दर सेशननंतर आशाताईंना तीनच गोष्टी विचारा: टोचताना किती बाळं कुणाच्या तरी मांडीवर होती, किती अंगावर पीत होती, आणि किती आयांनी स्वतःहून विचारलं. तिसरा आकडा तुमच्या रीलचा, दुसरा सिस्टरांचा. आया विचारताहेत पण पाजलं जात नाही असं दिसलं तर नवी रील करू नका, सेशनला जाऊन बसा आणि काय आडवं येतं ते पाहा. बहुतेक वेळा सतरंजी नसते किंवा अर्ध्या तासाचा नियम कुणीतरी सांगत असतं.

आणि सुरुवात गावापासून करू नका, तुमच्याच वॉर्डापासून करा. जन्मानंतर पहिला तास बाळ आईच्या उघड्या छातीवर असू द्या, मग व्हिटॅमिन के आणि चोवीस तासांच्या आतली कावीळ ब ची लस बाळ तिथेच असताना मांडीत द्या. पहिल्या दिवशी बाळानं नीट तोंडात धरलं नाही तरी छातीची ऊब पुरेशी मदत करते. बीसीजी घरी जाण्याआधी, डावीकडे पाजत असताना. यासाठी तुम्हाला कुणाची बैठक लागत नाही, टेबल तुमचंच आहे. इथे ज्या आईनं एकदा हे पाहिलं ती दीड महिन्याच्या डोसला अंगणवाडीत गेल्यावर रील न पाहताही विचारेल, आणि तिच्या शेजारी रांगेत बसलेल्या बायका ते ऐकतील.